वीस पावलांवरचा नळ

सिंधुबाईंचा पहिला फोन सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी आला. महापालिकेच्या नियंत्रण कक्षात प्रत्येक फोनची वेळ लिहायची असे, म्हणून ती माझ्याकडे आहे. मी मूळची पाणी तपासणारी. पण कोरोनाच्या त्या मे महिन्यात माणसं कमी पडत होती, त्यामुळे एक दिवस नळांचे नमुने घ्यायचे आणि एक दिवस फोनवर बसायचं, असं चाललं होतं.

त्या द्वारका चौकाच्या मागच्या वखारीच्या गल्लीतून बोलत होत्या. त्यांचा जावई संतोष कळवणहून मार्केट यार्डात भाजीची पिकअप चालवायचा. तीन दिवसांपूर्वी तो पॉझिटिव्ह निघाला, त्याला दवाखान्यात नेलं आणि गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले. आत अठरा घरं होती. सिंधुबाईंजवळ त्यांची मुलगी ललिता होती आणि ललिताची सात महिन्यांची मुलगी. पोरीला रात्रीपासून जुलाब होत होते. सकाळपर्यंत अकरा वेळा. अंगावर पीत नव्हती, आणि ललिताला तरी दूध कुठून येणार, तिच्याच पोटात पाणी नव्हतं. आरोग्य खात्याच्या आशाताईंनी पत्र्यावरून ओआरएसच्या पुड्या टाकल्या होत्या.

"चार पुड्या हायेत बाई," सिंधुबाई म्हणाल्या. "पण कालवू कशात?"

मी विचारलं, पाणी येत नाही का. त्या म्हणाल्या, गल्लीत नळच नाही. नळ बाहेर रस्त्यावर, वखारीच्या भिंतीला. पत्र्यापासून वीस पावलं. पहिल्या दिवशी एका मंडळाच्या पोरांनी जार आणून दिले, दुसऱ्या दिवशी ते मंडळच क्वारंटाईन झालं. शेजाऱ्यांचेही हंडे तळाला गेले होते, आणि संतोषमुळे गल्ली बंद झाली म्हणून यांच्या हाकेला कुणी दार उघडत नव्हतं.

मी आधी रुग्णवाहिकेला फोन लावला. आमच्या पुढे तेरा जण होते. मग प्रतिबंधित क्षेत्रांची यादी काढली. वखारीची गल्ली, रकाना नऊ, पिण्याच्या पाण्याची सोय: होय. अक्षर माझं होतं.

यादी भरायला आम्हाला एक संध्याकाळ मिळाली होती. मी प्रत्यक्ष कुठेच गेले नव्हते, माझ्या नमुन्यांच्या नोंदवहीवरून भरली होती. त्या वहीत 'वखारीची गल्ली, सार्वजनिक नळ' अशी नोंद होती आणि सहा वर्षांत तो नळ एकदाही नापास झाला नव्हता. तो गल्लीच्या नावाने नोंदलेला होता, पण गल्लीत नव्हता. मी दर पंधरवड्याला त्या नळापाशी उभी राहत होते. मला हे माहीत होतं, आणि तरी मी 'होय' लिहिलं. टँकर फक्त 'नाही' असलेल्या ठिकाणी जात होते.

सिंधुबाई फोनवर थांबल्या होत्या. त्यांनी विचारलं, वखारीतल्या विहिरीला पाणी आहे, मागच्या भिंतीतून जाता येतं. ते उकळून दिलं तर चालेल का?

त्या विहिरीचं पाणी मी तीन वर्षांपूर्वी तपासलं होतं. वखारीत लाकडाला कीड लागू नये म्हणून औषध मारायचे, त्याचं आर्सेनिक पाण्यात उतरलं होतं. मर्यादेच्या सहापट. आर्सेनिक उकळून जात नाही, पाणी आटतं आणि ते उरतं.

"नको," मी म्हटलं. "उकळूनसुद्धा नको. त्यात विष आहे. मी पाण्याची सोय करते, तोवर थांबा."

"बरं बाई," त्या म्हणाल्या. "तुमीच त्या नळाचं पानी तपासाया येता ना? वळखते मी तुमाला."

आमचे उपअभियंता उपेंद्र सर तेव्हा तीन फोन एकदम सांभाळत होते. त्यांना मी रकाना दाखवला आणि चूक माझी आहे हेही सांगितलं. ते ओरडले नाहीत. यादीतली दुरुस्ती संध्याकाळच्या बैठकीतच होईल, त्याआधी त्यांनाही अधिकार नाही, असं त्यांचं म्हणणं. "सहा टँकर, एक्केचाळीस झोन. तुम्ही सायन्सवाल्या आहात मॅडम, करा भागाकार," ते म्हणाले आणि पुन्हा फोनला लागले.

बैठकीशिवाय टँकर मिळायचा एकच रस्ता होता आणि तो मला पाठ होता. नमुना अयोग्य आला, तर तो नळ तत्काळ बंद करायचा आणि दोन तासांत पर्यायी पाणी द्यायचं. कायम आदेश आहे, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.

नळाच्या पाण्यात रसायनाचे थेंब टाकले की ते पिवळं होतं. जितकं पिवळं, तितकं क्लोरीन शिल्लक. पिवळं झालंच नाही, तर पाणी अयोग्य. मी पत्रकावर क्लोरीनच्या जागी शून्य लिहिलं. असा खोटा आकडा मी अकरा वर्षांत कधी लिहिला नव्हता. अठरा घरांना पाणी मिळेल, एवढंच डोक्यात होतं.

पत्रकावर साक्षीदाराची सही लागते. त्या भागात पाणी सोडणारे व्हॉल्व्हमन, कारभारी नावाचे, दिंडोरीकडच्या गावातले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. मी फोन केला तेव्हा ते त्याच नळापाशी होते.

"काय झालं नळाला म्याडम?" त्यांनी विचारलं. "आत्ता तर प्यालो मी. चांगलं पानी हाय."

मी त्यांना सगळं खरं सांगितलं. सही करायला त्यांची ना नव्हती.

"पन मी म्हंतो, बादली भरून पत्र्यावरनं देतो की त्या बाईला. वीस पावलं बी नाय."

"नको," मी म्हटलं.

कारणंही सांगितली. पत्र्यावरून काही द्यायला मनाई होती आणि पोलीस समोरच बसला होता. त्यात आता तो नळ कागदावर अयोग्य होता. अयोग्य नळाचं पाणी आमचाच माणूस वाटताना कुणी पाहिलं, तर पत्रक खोटं ठरलं असतं आणि टँकर रद्द झाला असता. एका बादलीसाठी अठरा घरांचं पाणी गेलं असतं. मी हे मुद्देसूद सांगितलं आणि मला ते पटलेलंही होतं.

"तुमी शिकलेल्या," कारभारी म्हणाले. त्यांनी नळ बंद केला, सहीचा फोटो पाठवला आणि पुढच्या भागाला निघून गेले. वेळ दहा वाजून पाच मिनिटं.

दहा वीसला टँकरचा नंबर पडला. मी सिंधुबाईंना कळवलं की दोन तासांत पाणी येतंय. त्यांनी मला आशीर्वाद दिले. मागून पोर रडताना ऐकू येत होती, बारीक, सुकलेल्या आवाजात.

बारा वाजले तरी टँकर पोचल्याची नोंद आली नाही. मी चालकाला फोन केला. वाटेतल्या दुसऱ्या वस्तीतल्या लोकांनी त्याला अडवून निम्मा रिकामा करून घेतला होता आणि तो पुन्हा भरायला परत गेला होता. बारा वीसपर्यंत तो गल्लीत पोचायला हवा होता, तो साडेबारालाही टाकीवरच्या रांगेत उभा होता.

बारा चाळीसला सिंधुबाईंचा फोन आला. टँकर नाही, रुग्णवाहिका नाही. मी विचारलं, पोर कशी आहे.

"आता रडत नाय," त्या म्हणाल्या. "गपगार पडलीये. डोळं आत गेल्यात." मग थोड्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, त्या विहिरीचं दोन चमचं दिलं तर?"

टँकर निघालाय, एवढं थांबा, असं मी म्हटलं. टँकर निघाला नव्हता.

फोन ठेवला. न रडणं म्हणजे काय ते मला कळत होतं. मी कारभारींना फोन लावला. नळ उघडा, बादली भरा, पत्र्यावरून द्या, हे सांगायला. चार वेळा रिंग गेली. ते कुठेतरी सायकलवर असावेत. मग कक्षातल्या जारमधून दोन बाटल्या भरल्या, रजिस्टर तसंच उघडं ठेवलं आणि स्कूटर काढली. तीन ठिकाणी अडवून ओळखपत्र पाहिलं. शेवटच्या ठिकाणी पोलिसाने विचारलं, बाटल्यांत काय आहे. पाणी, मी म्हटलं. त्याने उघडून वास घेतला.

मी पोचले तेव्हा एक वाजून छत्तीस मिनिटं झाली होती आणि रुग्णवाहिका माझ्या पुढ्यातच येऊन थांबली. पोलिसाने पत्र्याची एक कड सोडवली. ललिता पोरीला घेऊन बाहेर आली. माझ्यापेक्षा लहान, चेहऱ्याला ओढणी बांधलेली. पोरीची मान तिच्या दंडावरून मागे लोंबत होती. आतली डॉक्टर मुलगी पंचविशीची असेल. तिने पोरीच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली, खाली बसली नाही.

"काय काय पाजलं?" तिने विचारलं.

काहीच नाही, ललिता म्हणाली. पाणी नव्हतं. रुग्णवाहिकेच्या चालकाने तिला पुढे आपल्या शेजारी बसवून दार लावलं.

"काहीच?" डॉक्टर शीर शोधत होती. एका हातावर, मग दुसऱ्या, मग पायावर. "अहो, कुठलंही पाणी उकळून द्यायचं. डबक्याचं असतं तरी चाललं असतं."

मी म्हटलं, जवळ फक्त एक विहीर होती, तिच्यात आर्सेनिक सहापट आहे, म्हणून मी नको म्हटलं. तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. चष्म्याआड तिचे डोळे थकलेले होते.

"सहापट म्हणजे रोज पिऊन वर्षानुवर्षांनी," ती म्हणाली. "एका दिवसात काय होतंय?"

दार लागलं. ती म्हणाली ते मला माहीत होतं. मर्यादा कशी काढतात ते मी स्वतः प्रशिक्षणात शिकवते. माणूस रोज दोन लिटर पाणी आयुष्यभर पिणार असं धरून तो आकडा बसवलेला असतो. एका पोराने एका दिवसात एक लिटर प्यायलं तर किती, हा गुणाकार मी सकाळी केला असता तर दहा सेकंद लागले असते.

सिंधुबाईंना रुग्णवाहिकेत घेतलं नाही. त्या संपर्कातल्या, त्यांचा चौदा दिवसांचा काळ संपायचा होता. पत्रा पुन्हा लागला. सव्वादोनला टँकर आला. आतून हंडे, कळशा, तेलाचे डबे पत्र्याला लागले आणि अर्ध्या तासात तो संपला. रस्त्यापलीकडच्या बायका बंद नळापाशी कळशा घेऊन उभ्या होत्या. त्या मला नळाचं काय झालं ते विचारत होत्या. मी उपेंद्र सरांना फोन करून शून्याचा आकडा खोटा असल्याचं सांगितलं. ते म्हणाले, लेखी द्या.

मी तिथेच थांबले. दवाखान्याच्या कागदावर मी माझा नंबर दिला होता. पाच वाजून दहा मिनिटांनी फोन आला. पोर गेली होती.

पत्र्यांच्या दोन तुकड्यांमध्ये बोटभर फट होती. मी सिंधुबाईंना हाक मारली आणि फटीतून सांगितलं. त्या मटकन खाली बसल्या. फटीतून मला फक्त त्यांचा पदर दिसत होता.

"विहिरीचं तर नाय दिलं आमी," त्या म्हणाल्या. "तुमी सांगितलं तसं थेंबभर नाय दिलं. मंग कशानं?"

मी उकिडवी बसले, म्हणजे आवाज फटीतून जाईल. पाणी मिळालं नाही म्हणून, मी सांगितलं. विहिरीचं दिलं असतं तर चाललं असतं. रोज पिण्यासाठी ते वाईट आहे, एका दिवसासाठी नाही. सकाळी कारभारी नळाची बादली देत होते, तेही मीच थांबवलं. चूक माझी आहे. प्रत्येक वाक्य मी पूर्ण केलं.

मला वाटलं त्या शिव्या देतील. मी त्यासाठी तिथे बसले होते.

त्यांनी फटीला बोटं लावली.

"हे ललिताला सांगू नका," त्या म्हणाल्या. "ती बारा वाजताच विहिरीचं उकळून, गार करून, वाटी घेऊन बसली हुती. तुमच्या बोलन्यावर मीच तिचा हात धरला. पोरीच्या तोंडापासनं वाटी मीच काढून घेतली. आता मला तिच्यापाशीच ऱ्हायचंय, बाई."

मी होकार दिला. त्यांनी तो पुन्हा एकदा मागून घेतला, आणि मी पुन्हा दिला.