प्रश्न दुसरा

१९९८ सालच्या पहिल्या सहा महिन्यांत गंगापूर रोडवरच्या एका महिला मदत केंद्रात दोनशे चौदा फोन आले. त्यांपैकी एकसष्ट फोन, बाई बोलू लागल्यानंतर चाळीस सेकंदांच्या आत, पलीकडून बंद झाले. या एकसष्टांत नाशिक शहरातला एकही नव्हता.

हे आकडे प्रतिभाताईंच्या वहीतले. महाविद्यालयात तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता केंद्राच्या टेलिफोनशेजारी, प्रयोगशाळेतून निरोपाची भेट म्हणून मिळालेले चावीचे स्टॉपवॉच ठेवून बसत. केंद्रातल्या जुन्या समुपदेशक मंगलाबाई यांना ते बघवत नसे.

"तिकडं बाई रडतेय आणि तुमचं लक्ष काट्यावर!"

"ती किती वेळ बोलली हे कळलं, तर का थांबली तेही कळेल," प्रतिभाताई म्हणत.

पूर्वी फोन उचलणारी तिच्या मनाला येईल ते विचारी. जानेवारीत प्रतिभाताईंनी छापील तक्ता केला. प्रश्न पहिला: कुठून बोलता? दुसरा: पूर्ण नाव. तिसरा: वय. चौथा: काय झाले? नाव इतक्या वर घेण्यामागे विचार होता. फोन मध्येच तुटला, तर कुणाला शोधायचे एवढे तरी हाती उरावे. हा तक्ता त्यांनी आधी आसपासच्या वीस बायकांना विचारून तपासला होता. वीसजणींपैकी एकही अडली नव्हती.

फोन बंद होऊ लागले तेव्हा पहिला संशय तारेवर गेला. टेलिफोन खात्याचा माणूस येऊन तार निर्दोष ठरवून गेला. दुसरा तर्क मंगलाबाईंचा.

"सासू येत असणार दारात. दुसरं काय?"

"मग कुणाचा फोन दहाव्या सेकंदाला तुटला असता, कुणाचा दहाव्या मिनिटाला. हे सगळे एकाच जागी तुटतात. एकसष्ट सासवा काय घड्याळ लावून येतात?"

ती जागा दुसऱ्या प्रश्नाची होती. बाया नाव सांगायला घाबरतात, असा निष्कर्ष प्रतिभाताईंनी काढला आणि एप्रिलपासून त्या प्रश्नाआधी एक वाक्य जोडले: 'तुमचे नाव कुणालाही कळणार नाही.' बंद होणाऱ्या फोनांचे प्रमाण तसूभरही घटले नाही.

या एकसष्टांतले तीन फोन एकाच बाईचे होते. तिची सुरुवात ठरलेली असे: "ताई, हायेत का?" वणीच्या पुढून बोलते, एवढे ती सांगे. नाव विचारले की "नवसाबाई" म्हणे. "पूर्ण नाव?" असे विचारताच श्वास ऐकू येई, मग काहीच नाही. तिसऱ्यांदा, जूनच्या अखेरीस, ती प्रश्नाची वाट न पाहता बोलली.

"ताई, हायेत का? घरात रॉकेलचा डबा आणून ठेवलाय. मला दाखवून ठेवलाय."

प्रतिभाताईंनी पेन उचलले. "घाबरू नका. आत्ता पोलीस पाठवते. कुणाचं घर म्हणून विचारायचं त्यांनी? पूर्ण नाव सांगा."

श्वास.

"नवसाबाई, नावाशिवाय घर कसं सापडेल? सांगा ना."

नऊ सेकंदांनी फोन बंद झाला. प्रतिभाताईंनी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात फोन लावला. तिथल्या हवालदाराचे म्हणणे खोडण्यासारखे नव्हते. "मॅडम, नवसाबाई गावोगाव आहेत. नवऱ्याचं नाव द्या, तासाभरात माणूस पाठवतो."

त्यानंतर पाच दिवस प्रतिभाताई फोनजवळून हलल्या नाहीत. जेवणाचा डबाही त्यांनी तिथेच उघडला. सहाव्या दिवशी सरकारी दवाखान्याच्या जळीत कक्षातून एका परिचारिकेचा फोन आला. अठ्ठावन्न टक्के भाजलेली एक बाई शुद्धीवर होती आणि केंद्राचा नंबर सहाही आकड्यांनिशी पुन्हा पुन्हा सांगत होती.

प्रतिभाताई खाटेजवळ उभ्या राहिल्या. त्या काही बोलण्याआधीच आवाज आला.

"ताई, हायेत का?"

"आहे, नवसाबाई. ओळखलंत?"

"घड्याळ वाजतंय की तुमचं. फोनात बी वाजायचं."

स्टॉपवॉच खरोखरच पर्समध्ये चालू राहिले होते. प्रतिभाताईंनी ते बंद केले. दिलासा देणे त्यांना कधी जमले नव्हते. प्रश्न विचारणे जमत होते.

"तीनदा फोन ठेवलात. का?"

"तुमी नाव इचारलं."

"कुणाला कळणार नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"कळायचं काय त्यात? माझं सांगितलंच की. तुमी पुरं इचारलं." नवसाबाईला दम लागला. "पुऱ्यात त्यांचं येतं."

"नवऱ्याचं?"

"त्यांचं नाव तोंडातून काढलं का त्यांचं आयुष्य कमी व्हतं. एकदाच घेतलं, लग्नात, उखाण्यात. परत नाय."

"त्यांनीच पेटवलं ना तुम्हाला?"

"त्यांनीच."

"आणि तरी?"

"हर्षाली चार वर्साची हाय, ताई. आई चालली. बाप बी घालवू का तिचा?"

या हिशेबात कुठे चूक आहे ते दाखवणे प्रतिभाताईंना एरवी सहज जमले असते. त्यांनी दुसरेच विचारले.

"मी आधी काय झालं ते विचारलं असतं तर?"

"सांगितलं असतं की. सांगायलाच केला व्हता फोन."

दुपारी जबाब घ्यायला नायब तहसीलदार आले. कुणी पेटवले, या प्रश्नावर तिने उत्तर दिले, "हर्षालीच्या बापानं." त्यांनी नाव विचारले. तिने मान भिंतीकडे वळवली. त्यांनी ती बोलली तेवढेच शब्द लिहून घेतले. शुक्रवारी सकाळी नवसाबाई गेली.

ही चाल प्रतिभाताईंना ठाऊक नव्हती असे नाही. स्वतःच्या लग्नात त्यांनीही उखाणा घेतला होता, हसतहसत, आणि दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याला नावाने हाक मारली होती. नाव न घेणे ही त्यांच्या लेखी मंडपातली गंमत होती. तक्ता तपासताना विचारलेल्या वीसही बायका गंगापूर रोडवरच्या होत्या.

पण एका बाईच्या सांगण्यावरून नियम मांडता येत नाही. शनिवारी त्यांनी केंद्रात झाडलोट करणाऱ्या, मूळच्या पेठ तालुक्यातल्या भागीबाईंना विचारले, "तुमच्या मालकांचं नाव काय हो?"

भागीबाईंनी पदर तोंडाशी धरला. "अवो बाई, सकाळच्या पारी काय चेष्टा! मंगलाताईला इचारा. त्यांच्याकडं लिवलेलं हाय."

भागीबाई तिथे सहा वर्षे काम करीत होत्या. फोन त्यांच्या केरसुणीपासून चार पावलांवर होता.

जुलैत तक्त्यातला दुसरा प्रश्न काढला. 'काय झाले?' हा प्रश्न पहिला आला; नावाची वेळ आलीच तर 'तुमच्या घरी येऊन कुणाची आई म्हणून विचारू?' असे विचारायचे ठरले. त्या महिन्यात खेड्यांतून सतरा फोन आले. चाळीस सेकंदांच्या आत एकही बंद झाला नाही.

महिनाअखेरीस प्रतिभाताईंनी वही उघडली आणि सहा महिन्यांच्या आकड्यांखाली लिहिले: 'एकसष्ट फोन बंद होण्याचे कारण: प्रश्न दुसरा. पूर्ण नावात नवऱ्याचे नाव येते. या स्त्रिया ते उच्चारत नाहीत. प्रश्नांचा क्रम मी लावला होता.'