पांढऱ्या फडक्याची साक्ष

या, अशी जरा पुढं सरकून बसा. टाळ मांडीवर राहू द्या, हवं तर तंबाखूची चिमूट सोडा तोंडात. पांझरेकाठच्या एका पाटकऱ्याची गोष्ट सांगतो. हिच्यात देवाची गाठ पडेल की नाही, ते शेवटी तुमचं तुम्ही ठरवा.

साक्रीहून पिंपळनेरकडं जाताना नदीच्या अंगाला उंबरथडी नावाचं गाव. गावाला दगडी बंधारा, बंधाऱ्यामागं डोह, आणि डोहातून निघालेला पाट. सगळ्या गावाचे फड, म्हणजे शेतांचे पट्टे, त्या पाटावर पिकत, आणि गाव पाणीही तेच पिई. कोणत्या फडाला पाणी कधी सोडायचं, तोंड कधी बंद करायचं, हे पाटकऱ्याच्या हाती. सुपडू हा तिथला पाटकरी. बाप पाटकरी, आजा पाटकरी. खांद्यावर फावडं, कपाळाला बुक्का. हातात फावडं धरून पाटकरी जे बोलेल ते गावानं खरं मानायचं, अशी रीत. तो कधी खोटं बोलला नव्हता, म्हणूनच ती रीत टिकली होती.

इंग्रज जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. त्या साली पाऊस पोळ्यानंतर गेला तो गेलाच. कार्तिकात नदीची धार मनगटाएवढी उरली. मग सुपडूनं ठरवलं, मंगळवारी पाटाचं तोंड बंद ठेवायचं, डोह भरू द्यायचा आणि बुधवारी उजाडता उघडायचं. आणि दर बुधवारी पाटाला काळपट पाणी येऊ लागलं. पांढरी पोटं वर करून मासे वाहत येत. गुरं तोंड लावून माघारी फिरत. चार घरची पोरं हगवणीनं आडवी झाली.

सगळ्यांच्या नजरा नासीर रंगाऱ्याच्या झोपडीकडं वळल्या. तीन वर्षांमागं तो धुळ्याहून आईला घेऊन आला होता. बंधाऱ्याखाली त्याच्या रंगाच्या नांदी, मोठाली मातीची भांडी. बायकांची लाल फडकी, पासोड्या रंगवायचा. धुणं बंधाऱ्याखालीच धुवायचं, ही गावाची अट त्यानं कबूल केली होती.

फडांची देखरेख करणारा हवालदार तोताराम. गावात त्याच्या शब्दाला मान. तो पाराजवळ म्हणाला, "सुपडू, इचार कर. मंगळवारे बंधाराखाले पानीना थेंब नही. बुधवारे त्याना बाजार. मंग हाऊ गडी फडका धोस कोठे?"

सुपडूच्या मनात हे आधीच येऊन बसलं होतं. खरंच, कुठं धुतो? डोहातच धूत असणार, चोरून.

एकदा संशय शिरला की साधी गोष्टही साधी राहत नाही. नासीर हसला तर सुपडूला वाटे, लपवतोय. हसला नाही तर वाटे, मनात पाप आहे. गावात सप्ताह चालू होता. बुवा गोड गळ्यानं रंगात येत, मृदंग घुमे, आणि एरवी कीर्तनात डोळ्यांना धार लागणारा सुपडू खांबाला टेकून मनाशी मंगळवार मोजत बसे. आरती झाली तरी हात जोडायचं भान नसे.

घरी बायको, सुगंधाबाई, अंबाडीचा दोर वळत बसलेली. गावातल्या बैलांची दावी, विहिरींचे नाडे, सगळं पाटकऱ्याच्या घरून जाई. त्यापायी एक मान आजाच्या वेळेपासून होता. दोराचा धागा सुटावा म्हणून अंबाडी भिजत घालायला डोह फक्त पाटकऱ्याला मोकळा. घर, अंगण, सुपडूचं धोतर, सगळ्याला कार्तिकभर तो कुजका वास असे. त्याला तो घराचाच वास वाटे.

"तुमी त्यास्ले धोतांना दखं का?" तिनं विचारलं.

"दखं नही. पन धोतस."

"दखं नही ते सांगशात कसं?"

"बुधवारे दखसू," सुपडू म्हणाला.

बुधवारी काल्याचं कीर्तन होतं. काला झाला की सभा. तोतारामनं सांगून ठेवलं होतं, पाटकऱ्यानं फावडं धरून नाव घेतलं की सूर्य मावळायच्या आत रंगाऱ्यानं नांदी उचलायच्या. म्हणजे एका घराची चूल राहायची की विझायची, ते सुपडूच्या एका शब्दावर होतं.

बुधवारी फटफटताच तो करंजाच्या झुडपाआड जाऊन बसला. डोहावर धुकं. आणि खरंच एक आकृती आली. नासीर नव्हे, त्याची म्हातारी आई, हसीनाबी. तिनं इकडंतिकडं पाहिलं, कमरेची पुरचुंडी सोडली आणि वाकून काहीतरी पाण्यात बुडवलं.

सुपडूनं झेप घेऊन तिचं मनगट धरलं. "सापडनी! काय टाकं पानीमा?"

"हात सोड भाऊ, काकन फुटी जाई," म्हातारी शांतपणे म्हणाली. "टाकी नही राहिनू. पानीले इचारी राहिनू."

तिच्या मुठीत पांढऱ्याशुभ्र कापडाची चिंधी होती. पाण्यातून काढून तिनं ती पिळली आणि करंजाच्या फांदीवर टाकली. चिंधी चहासारखी पिवळट निघाली.

"आमी रंगारी. पानी खराब ते रंग खराब. आमना लाल रंग महिनाभर काळा पडी राहिना, बाजारमा गिऱ्हाईक फडकं फेकी देस. मंगळवारे आमी वाळूमा झिरा खंदतस, तठेच धोतस. ये, दखाडस."

झिरा तिनं दाखवला. वाळूत कमरेएवढा खड्डा, तळाशी वितभर स्वच्छ पाणी, भोवती फडक्यांच्या लाल ओघळांचे डाग. मग ती त्याला वर घेऊन चालली. डोहात जिथं नदी शिरते तिथं तिनं दुसरी चिंधी बुडवली. पांढरी आली. शंभर पावलं खाली, उंबराच्या सावलीत, तिसरी बुडवली. चिंधी काढली तर तांबूस-काळी, बोटांना बुळबुळीत.

सुपडूनं पाण्यात पाहिलं. दगडाखाली दाबलेल्या अंबाडीच्या मोळ्या. गाठी सुगंधाबाईच्या हातच्या.

पाऊसकाळ चांगला असला की नदी ती घाण धुऊन नेई. यंदा धार नव्हती. त्यात दर मंगळवारी त्यानंच तोंड बंद करून डोह कोंडला, आणि दर बुधवारी ते कुजलेलं पाणी स्वतःच्या हातानं गावाच्या तोंडी सोडलं. वास तर त्याच्या धोतराला होता.

तो म्हणाला, "तुले ठाऊक व्हतं. मंग सांगं काब्र नही?"

"मोळ्या तुन्ह्या शेतस. तीन साल झाये आमले अठे येवाले. पाटकरीनं नाव घेवाले तोंड कोठून आनू?" ती चिंध्या गोळा करू लागली. "पानी ते रोज दखत जाऊ म्हनं. कधी ना कधी ते सोता सुधरी."

सुपडूनं त्या चिंध्या मागून घेतल्या आणि उंबराखालची एक मोळी उपसून खांद्यावर टाकली. त्या दिवशी पाटाचं तोंड त्यानं उघडलं नाही.

काला झाला. दहीलाह्या खाऊन माणसं पाराभोवती बसली. नासीर एका बाजूला उभा, चेहरा राखेसारखा. मागं हसीनाबी पदर ओढून. तोतारामनं फावडं सुपडूच्या हाती दिलं.

"सांग. चोर सापडना का?"

गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं. गावाला एक नाव हवं होतं, आणि ते सगळ्यांच्या ओठावर तयार होतं. सुपडूनं खांद्यावरची ओली मोळी पारावर टाकली. कुजका वास पसरला. बाजूला त्यानं तीन चिंध्या ओळीनं मांडल्या.

"सापडना," तो म्हणाला. "तो मीच शे." आणि कोणती चिंधी कुठं बुडवली, ते त्यानं एकेक करून सांगितलं.

म्हातारी भिकुबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "इतला दिन तुन्हा नाकले दावं बांधेल व्हतं का रे?"

हसू फुटलं, आणि लगेच विरलं. कारण बैलांना ती दावी सगळ्यांचीच होती. वास सगळ्यांनीच घेतला होता.

तोताराम खाली बघत म्हणाला, "आते काय करवानं?"

"घर पाठीमांगे येक मानूस द्या, पाट साफ कराले देतस तसा," सुपडू म्हणाला. "नदीफाईन दूर खड्डा खंदू. अंबाडी तठे. ते पानी नदीमा परत येवाले नको." आणि त्यानं फावडं पारावर ठेवलं. पुन्हा उचललं नाही. त्या हंगामाला पाटकरी दुसरा झाला.

खड्डा चार दिवसांत झाला. सुपडूनं पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी खोदायला घेतलं. नासीर आला नाही. वर्षभर तो सुपडूशी बोलला नाही, आणि त्याचं चुकलं असं कोणी म्हणू नये. पण हसीनाबी आली. मुठीत पांढरी चिंधी घेऊन.

तेव्हापासून उंबरथडीत दर मंगळवारी बंधाऱ्यावर एक पांढरी चिंधी बुडवायची आणि पाराला बांधायची, अशी पाळी घरोघर लागली. पिवळी दिसली की अख्खं गाव डोहावर.

आता उठा, पाणी प्या. पण ओंजळ तोंडाशी न्यायच्या आधी, बाबांनो, हसीनाबीची एकदा आठवण काढा. आपल्याच गावात तिला तोंड उघडायची भीती होती, तरी ती रोज पहाटे पाण्याला विचारायला जात होती.