उरलेला हात

पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून हालदिस कुणालाही हात हलवून निरोप देत नसे. शेजारचा केटिल ट्रॅक्टरवरून जाता जाता हात करायचा आणि ती नुसती मान डोलवायची.

"माझ्या म्हाताऱ्या मेंढीसारखी मान काय हलवतेस? एक हात तर धड आहे ना?" तो ओरडायचा.

"एकच आहे, म्हणूनच," ती म्हणायची. केटिल हसून पुढे जायचा. तो चर्चमध्ये जाणारा माणूस, आणि तेही फक्त नाताळात. त्याला काय कळणार!

हालदिस स्ट्रांदिरच्या त्या ओसाड किनाऱ्यावर चाळीसएक वर्षं रून शिकवत आली होती. जुन्या लोकांची ही अक्षरं ती लाकडावर कोरायचीच, पण त्याहून जास्त अंगाने उभी करायची. पाय जुळवायचे, डोळे मिटायचे, शरीराचंच अक्षर करायचं आणि त्याचं नाव पोटातून लांबवत गात राहायचं. दोन्ही हात तिरपे वर नेले की माणसाचं अक्षर होतं, माधुर. घरात कुणी जन्माला येणार असलं की ते गायचं. त्यातला डावा हात खाली आला, की उरतं ते व्रणाचं अक्षर. जुने लोक त्याला लेकरांचा काळ, त्यांचा जीव घेणारं अक्षर, मानायचे. फरक तेवढाच, एका हाताचा. म्हणून डावा हात कायमचा लुळा पडल्यावर डॉक्टर म्हणाले, "नशीब समजा, वाचा तरी राहिली," तेव्हा हालदिसला हसावं की रडावं ते कळेना.

तिची एकुलती एक मुलगी बेग्गा दूर राजधानीत, रेक्याविकला राहायची. लहानपणी मेंढ्यांच्या गोठ्यात आईशेजारी उभी राहून ती सगळी अक्षरं शिकली होती. मोठी झाल्यावर मात्र "तुझी कवायत तुलाच लखलाभ" म्हणून निघून गेली. आईच्या विद्येची टिंगल करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

तीच बेग्गा नोव्हेंबरातल्या एका सकाळी फोनवर रडत होती. दिवस भरायला अजून बराच अवकाश होता आणि कळा सुरू झाल्या होत्या.

"मम्मा, उभी राहशील का गं?"

"तू तर म्हणायचीस की..."

"मी काय म्हणायचे ते सोड ना आता! राहशील का? दोन्ही..." बेग्गा थबकली. आईचा हात तिला तेव्हा आठवला असावा.

"राहीन. दोन्ही हातांनी राहीन. तू घाबरू नकोस, पिल्ला."

शब्द देऊन बसली खरी. तिने लगेच केटिलला फोन लावला.

"तुझा हात वर धरून गोठ्यात उभा राहू? माझी बायको काय म्हणेल?" केटिल म्हणाला. ती हसली नाही, तसा त्याचा आवाज बदलला. "बेग्गाचं आहे का काही? थांब, येतो. रस्ता बर्फाने बुजलाय, चालतच यावं लागेल. पण येतो."

हालदिसला धीर निघेना. पोर तिकडे कळा देत होती आणि ही केटिलची वाट बघत खिडकीशी! ती काठी टेकत गोठ्यात गेली. शरद ऋतूत कापलेल्या मेंढ्या ज्या आढ्याला टांगायचे, त्या आढ्यावरून तिने दोर टाकला. एक टोक डाव्या मनगटाला बांधलं आणि दुसरं दातांनी नि उजव्या हाताने ओढत कुंपणाच्या खुंटाला गुंडाळलं. डावा हात वर गेला. स्वतःचा असून तो तिला परक्याचा वाटत होता. मग तिने उजवा हात वर नेला आणि डोळे मिटले.

"माऽऽऽधुर."

मेंढ्यांनी रवंथ थांबवला. ती गात राहिली. इतकं चांगलं ती कधीच गायली नव्हती. छाती भरून येत होती, आढं घुमत होतं, आणि आपल्या शेजारी छोटी बेग्गा उभी आहे असं तिला सारखं वाटत होतं. आवाज फाटला तेव्हाच ती थांबली.

डोळे उघडले तर दारात केटिल उभा. कमरेपर्यंत बर्फाने माखलेला, टोपी हातात. तो तिच्या तोंडाकडे बघत नव्हता. तिने त्याच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. खुंटाचा दोर सुटला होता. डावा हात मांडीशी लोंबत होता.

"कधी सुटला हा?"

"मला काय ठाऊक? मी आलो तेव्हा असाच होता."

"कधी आलास तू?"

"झाला बराच वेळ. तुमच्यात मध्ये बोलायचं नसतं ना, म्हणून गप्प राहिलो."

इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच तिच्या विद्येचा मान राखला होता. त्याला तरी काय बोलायचं! हाताला संवेदनाच नव्हती. तो पडला कधी आणि आपण व्रणाचं अक्षर होऊन किती वेळ गात होतो, हे तिला आता कधीच कळणार नव्हतं.

संध्याकाळी बेग्गाला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तान्ही पोर गेली. बारशाआधी नाव सांगायची तिथे पद्धत नाही, त्यामुळे तिला हाक मारायलाही काही उरलं नाही.

रस्ता मोकळा झाल्यावर बेग्गा एकटीच गाडी चालवत आली. सुकवलेला मासा, लोणी, राईचा पाव समोर ठेवला होता, तिने कशाला बोट लावलं नाही. हालदिसने मनाशी ठरवलं होतं, आज सगळं सांगून टाकायचं. पोरीला शिव्या द्यायच्या तर देऊ दे.

पण बेग्गाच आधी बोलली.

"मम्मा, मीही उभी राहिले होते. म्हणजे पलंगावरच, गुडघ्यांवर. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. म्हटलं, तू तिकडे, मी इकडे." तिने कप दोन्ही हातांत घट्ट धरला. "डाव्या हाताला सलाईन होतं. तो वर जाईना. मी एकच केला वर. डोकं चाललंच नाही गं माझं, नंतर आठवलं एका हाताने काय होतं ते. तूच तर शिकवलंस. मम्मा, मी केलं ते. माझ्या हाताने केलं."

हालदिसने पावाची थाळी तिच्याकडे सरकवली. आपलं खरं सांगितलं तर काय होणार होतं? पोरीचं ओझं हलकं झालं नसतं. एकाऐवजी दोन हात मोजत ती आयुष्यभर बसली असती.

"काही होत नाही त्याने," हालदिस म्हणाली.

"म्हणजे?"

"एका हाताने नाही आणि दोन हातांनीही नाही. हात वर करून ओरडायचं, संपलं. लोकांना जरा बरं वाटतं."

"चाळीस वर्षं तू..."

"तुझा बाप गेल्यावर घर खायला उठायचं. यामुळे चार माणसं यायची, कॉफी व्हायची. काहीतरी सांगावं लागतं माणसांना."

बेग्गाने कप खाली ठेवला. "आणि त्या दिवशी? राहिलीस का उभी?"

हालदिसने टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा केले. "नाही. गारठा फार होता. पडून राहिले."

बेग्गाच्या पांढऱ्याफटक चेहऱ्यावर रक्त चढलं. आल्यापासून पहिल्यांदाच.

"आयुष्यात एक गोष्ट मागितली मी तुझ्याकडे."

"हो."

"खोटारडी! जन्मभराची खोटारडी आहेस तू!" आणि ती रडायला लागली. मोठ्याने, लहान मूल रडतं तशी. पाठीवर ठेवलेला आईचा हात तिने झटकून टाकला. रडता रडता तिने पावाचा तुकडा मोडला आणि लोणी न लावताच खाल्ला. मग आणखी एक. हालदिसला तेवढं पुरे होतं. त्याची जी किंमत होती ती तिच्या समोरच बसली होती.

उजेड होता तोवरच बेग्गा निघाली. मिठी नाही, बोलणं नाही. गाडी किनाऱ्याच्या वळणापाशी पोचली. लहानपणी शाळेच्या गाडीतून ती तिथेच मागे वळून बघायची आणि आई दारातून हात करायची. आज त्याच जागी गाडीचे मागचे लाल दिवे लागले. गाडी थांबली.

हालदिसचा उजवा हात आपसूक उचलला गेला. छातीपर्यंत आला. तिथे तिला भान आलं, वर जाणार होता तो एकच हात. तिने तो खाली ओढला, मांडीशी घट्ट दाबून धरला आणि दारात तशीच उभी राहिली.

गाडी थोडा वेळ वाट बघत थांबली. मग निघून गेली.