हुकमावर न वाजणारा डफ

मी एक जुना डफ आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, स्वभावाने हट्टी आहे. लाकडाचं कडं आणि त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, एवढाच माझा संसार. कातडं थंडावलं की माझा आवाज बसतो. मग गवताचा जाळ करून मला शेकावं लागतं. त्याशिवाय मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

माझा जन्म शहापूर तालुक्यातल्या एका लहान गावात झाला. बुधाजी हा माझा पुढचा धनी, त्याच्या बापाने मला घडवलं. तो हाताचा गुणी माणूस, पण मला वाजवणं ही त्याची हौस नव्हती, सक्ती होती. गावदेवीची पालखी निघाली की त्याने उन्हातून पुढे वाजवत चालायचं आणि देवळाची पायरी आली की बाजूला व्हायचं. देवीला माझा आवाज चालायचा, माझा स्पर्श चालायचा नाही. दवंडी पिटायची असली की हाक यायची आणि हातातला घास टाकून तो उठायचा. मला वाजायला फार आवडतं, पण तेव्हा प्रत्येक ठोक्याची मला लाज वाटायची.

छप्पन्न साली नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि ते वारं पुढे आमच्या वस्तीतही पोचलं. सगळ्यांनी बसून ठरवलं, मेलेलं ढोर ओढायचं नाही आणि पालखीपुढे वाजवायचं नाही. गाव खवळलं. मजुरी बंद झाली, विहीर बंद झाली. वस्तीतल्या लोकांनी रागारागाने आपापले डफ जाळले. बुधाजीच्या बापानेही मला चुलीपर्यंत नेलं, तेव्हा त्याची बायको, लहानी नाव तिचं, आडवी आली.

"डफाचा काय गुना? हुकूम जाळा, डफ कशाला जाळता?"

त्या बाईमुळे मी आज तुमच्याशी बोलतो आहे.

बुधाजी मोठा झाला आणि मला जलशात घेऊन गेला. जलसा म्हणजे गाण्यांतून लोकांना जागं करणारी मंडळी. आटगावपासून थेट सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत आम्ही हिंडलो. वेठीविरुद्ध, दारूविरुद्ध, जातीविरुद्ध गाणी व्हायची. लोक बुधाजीला टाळ्या देत, पण खरं सांगू का, त्यातल्या अर्ध्या माझ्या होत्या.

बुधाजी गेला आणि त्याच्या बायकोने, जानकीबाईंनी, मला जुन्या लुगड्यात गुंडाळून खुंटीला टांगलं. उंदरांनी माझी कड कुरतडली. मीही रुसून बसलो.

गेल्या उन्हाळ्यात भगीरथ घरी आला. तो गावातला मोठा शेतकरी, जत्रेच्या कमिटीचा अध्यक्ष. बुधाजीची लेक पल्लवी कल्याणला नर्स आहे, ती रजेवर आलेली होती.

"जानकीबाय, यंदा जत्रेचा व्हिडिओ काढणार हाव," भगीरथ म्हणाला. "पालखीपुढं तुमचा डफ पायजे. जुनी परंपरा ती. मान हाय तुमचा."

मग त्याने आवाज उतरवला. वस्तीला नळ यायचा तर पाइप त्याच्या शेतातूनच जाणार होता. "डफ वाजला, का मी पाइपाला नाय म्हनणार नाय."

मित्रांनो, भातसानगर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि आमच्या बायका टँकरची वाट बघतात. धरण उशाला, कोरड घशाला. हंडे वाहून जानकीबाईंचे गुडघे कामातून गेलेत. त्या गुडघे चोळत राहिल्या. पाण्यासाठी त्या मला पुन्हा पालखीपुढे धाडतील असं वाटलं, आणि त्यांना दोष तरी कोणत्या तोंडाने द्यायचा?

पल्लवी म्हणाली, "काका, मान हाय ना? मंग यंदा तो आमी तुमाला दिला. तुमच्या प्रज्वलच्या गळ्यात अडकवा डफ न् चालवा त्याला पालखीपुढं."

"आमचा पोरगा डफ वाजवंल? काय बोलते गो?"

"का? मान कमी पडतो?"

भगीरथ उठला. चपला पायांत सरकवत तो म्हणाला, "नळ कसा येतो तो बघतो मी." आणि निघून गेला.

जानकीबाई भिंतीला धरून उठल्या. मग म्हणाल्या, "काढ गो त्याला खाली. कातडं नवीन घाल, न् शेक चांगला. तहसीलला जाऊ."

त्या आठवड्यात वस्तीतल्या बाया रिकामे हंडे घेऊन शहापूरला निघाल्या. पुढे पल्लवी आणि तिच्या गळ्यात मी. वरच्या आळीतली रंभाही आली, कारण तिचीही विहीर आटलेली. माझा नुसता धक्का लागला तर तिची सासू आंघोळ करायची. रंभाने वाटेत माझी वाजवायची काठी मागून घेतली आणि मला वाजवलं. ठोका साफ चुकला, पण असा गोड चुकलेला ठोका मी जन्मात ऐकला नव्हता.

तहसीलच्या फाटकात हवालदार म्हणाला, "कामकाज चालू आहे. वाद्य बंद करा."

"पाणी चालू करा," जानकीबाई म्हणाल्या, "आमी डफ बंद करू."

साहेबांनी आश्वासन दिलं. आश्वासनाने हंडा भरत नाही, म्हणून आम्ही पुन्हा जाणार आहोत, आणि नळ येईपर्यंत जात राहू.

मित्रांनो, माझ्यासारखं एखादं जुनं वाद्य तुमच्या घरी असेल तर त्याला उंदरांपासून जपा, ओल लागू देऊ नका. पण काचेच्या कपाटात मात्र ठेवू नका. आणि कुणी गोड बोलून म्हणालं, "वाजव," तर काठी उचलण्याआधी एवढंच विचारा, "कुणासाठी?"