आत्या नावाचा दगड

मित्रांनो, मी एक दगड आहे. हसू नका. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात माझ्यासारखे लाखो दगड सूर्याभोवती फिरतात, पण आत्या म्हणतात ते फक्त मला.

माझा जन्म फार जुना, ग्रह घडत होते तेव्हाचा. आम्हालाही ग्रह व्हायचं होतं. पण शेजारच्या गुरूची ओढ इतकी दांडगी, की त्याने आम्हाला कधी एकत्र बसूच दिलं नाही. राहिलो सुटे. साडेचार वर्षांत माझी एक फेरी पुरी होते. फिरण्याचा मला मुळीच कंटाळा नाही. फक्त कुणीतरी ओळखावं, असं वाटायचं.

मग एका वेधशाळेतल्या ताईने मला पाहिलं. तिचा भाऊ तिला ताई म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. आकाशाच्या एकाच तुकड्याचे, तासाभराच्या अंतराने काढलेले दोन फोटो ती आळीपाळीने बघत होती. सगळे तारे जागच्या जागी, आणि मी बारकासा ठिपका मात्र टुणकन उडी मारत होतो! तिचा चहा गार झाला, तरी तिचं लक्ष नव्हतं.

मला कामापुरता एक क्रमांक मिळाला. खरं नाव मात्र माझी कक्षा, म्हणजे फिरण्याची वाट, पक्की झाल्यावरच मिळणार होतं. ताईने नाव मनात ठरवूनही टाकलं. आईवडिलांच्या मागे तिला आणि धाकट्या भावाला आत्याने वाढवलं होतं, शिवणकामाच्या दुकानावर. नाव आत्याचंच द्यायचं.

आणि नेमकं आभाळ भरून आलं. ढग हटेपर्यंत मी पुढे निघून गेलो होतो. दोन-चार फोटोंवरून माझी वाट काही नीट मांडता येईना. मी हरवलो. खरं तर मी माझ्या वाटेवरच होतो, पण ताईला ते कसं कळणार? पृथ्वी माझ्या जवळून जाई, तेव्हा तेव्हा ताई मला शोधायची. आत्या थकत चालली होती, सुईत दोरा ओवणंही तिला जमेना. तरी विचारायची, सापडला का गं? नाही म्हणत ताई तिला दोरा ओवून द्यायची.

बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्या गावच्या वेधशाळेत काम करणाऱ्या भावाला एक नवा लघुग्रह सापडला. त्याचा पहिलावहिला! स्वारी हवेत होती. ताईने फोनवर तोंडभरून कौतुक केलं, आणि फोन ठेवल्यावर आपले जुने फोटो पुन्हा काढून बसली.

भावाने नेहमीच्या पद्धतीने त्या लघुग्रहाची वाट मागे मागे मोजत नेली. ती थेट ताईच्या जुन्या ठिपक्यांवर जाऊन पोचली. नवा कसला, मीच होतो तो! बिचाऱ्याचा चेहरा उतरला. दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. मग सुट्टीच्या दिवशी तो गणिताचे कागद घेऊन आत्याच्या दुकानात आला. ताई तिथेच आत्याला बटणं लावून देत होती.

"ताई, हा माझा नाही," तो म्हणाला. "तुझाच आहे, हरवलेला."

ताईने कागद दोनदा पाहिले आणि त्याला घट्ट मिठी मारली. दोघंही रडत रडत हसत होती. एवढ्याशा दगडाला माझं नाव कशाला, म्हणून आत्या कुरकुरली, पण गाल खुलले होते. मग तिने शिलाई मशीन थांबवलं.

"बाजारात चुकलात तर जागचे हलू नका, मी येते शोधायला, असं मी तुम्हाला सांगायचे. हा थांबत नाही का?"

"नाही गं. त्याला थांबताच येत नाही."

"मग दोघं मिळून लक्ष ठेवा त्याच्यावर."

तेव्हापासून एका गावात ढग आले, की दुसऱ्या गावातून मला कुणीतरी बघतं. मित्रांनो, तुमच्याही ओळखीचं कुणी बरेच दिवस दिसलं नाही, तर ते संपलं असं समजू नका. ते आपल्या वाटेवर असेल. पुन्हा एकदा बघा. मी दगड आहे, तरी कुणी बघतंय म्हटलं की मला फार बरं वाटतं.

आता मला कायमचा क्रमांक आहे आणि नावही आहे. दुकानात एखादं नवीन गिऱ्हाईक विचारतं, मुलं किती? आत्या दोरा तोडत म्हणते, "दोन येऊन-जाऊन असतात. तिसरा कायम फिरतीवर असतो."