धुण्याचा वार

गावकीच्या कचेरीत आजकाल नागरिकत्वाच्या अर्जांची रीघ लागली होती, म्हणून समितीनं फ्लुतुरालाही चांगलंच ताटकळत ठेवलं. आज एकदाचं बोलावणं आलं. प्रश्नांची भीती नव्हती. लहानपणीच कोसोवोहून स्वित्झर्लंडला आलेली बाई. इथले डोंगर, तळी, निवडणुका, सगळं तोंडपाठ. भीती होती ती एका अटीची. अर्जदार सलग पाच वर्षं याच गावात राहिलेला हवा, आणि ही दोन वर्षांपासून झोपायला बाझल शहरात, बापाच्या उशाशी!

करणार काय हो? रहिमबाबांना अर्धांगवायू. इकडे आणावं तर हिचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या नावानं बोंब. तिकडे कायमचं जावं तर इथली सगळी वर्षं फुकट. आणि म्हाताऱ्याचा एकच धोशा, "पोरी, मला कोसोवोला, आपल्या गावी ने. आपल्या अंगणात मरू दे." नेणार कशी? राहण्याच्या परवान्यावरचं माणूस सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलं की परवानाच रद्द, मग घर नि नोकरीही गेली. इथला लाल पासपोर्ट हातात पडला की ती दुसऱ्याच दिवशी बाबांना घेऊन निघणार होती.

साक्षीला खालच्या मजल्यावरच्या एग्लीबाई. जीव लावणारी बाई, ठेवणीतला कोट घालून आली होती.

"शेजारीण कशी आहे?" अध्यक्ष हूबर यांनी विचारलं.

"सोनं आहे हो, सोनं! माझ्या डोक्यावर राहते, पण पाऊल वाजेल तर शपथ. रात्री नळसुद्धा सोडत नाही!"

इथं शेजाऱ्याची याहून मोठी स्तुती नाही. बाईंना चेव चढला. "आणि मन केवढं! तळघरातल्या सगळ्यांच्या एकाच मशीनवर ज्याचा त्याचा धुण्याचा वार ठरलेला. त्या वारावरून माणसं आयुष्यभर अबोला धरतात. हिनं आपला शुक्रवार मला देऊन टाकला. दोन वर्षांत एकदासुद्धा परत मागितला नाही!"

हूबरांचं पेन थांबलं. त्यांनी बाईंचे आभार मानले आणि त्यांना बाहेर बसायला सांगितलं.

दार लागल्यावर ते म्हणाले, "मग धुणं कुठं धुता?"

खोटं अगदी जिभेवर आलं होतं. पण बाझलला चौकशी झाली, तर फसवणूक म्हणून परवानाही जायचा.

"बाबांकडे," ती म्हणाली. "त्यांच्या चादरी रोज धुवाव्या लागतात."

हूबर काही दुष्ट नव्हते. त्यांना वाईट वाटलं, तसं ते बोललेही. "पण नियम तो नियम, बाई. इथं खरंच राहायला या. आजपासून पाच वर्षं धरू."

पाच वर्षं! डॉक्टर बाबांच्या पुढच्या उन्हाळ्याचीही खात्री देत नव्हते.

बाहेर एग्लीबाई लगबगीनं उठल्या. "बोलले ना गं मी नीट? घाबरले होते, पण एकही गोष्ट विसरले नाही!"

फ्लुतुराला त्या बाईचा गळा धरावासा वाटला, आणि तिच्याच गळ्यात पडून रडावंसंही.

"फार छान बोललात," ती म्हणाली, आणि बाझलची गाडी पकडायला निघाली.