भरलेले बूट

बंदरातली माणसं बूट घालून पोहायला शिकायला येणार, ही बातमी तलावाच्या व्यवस्थापकानं बाईंना सांगितली तेव्हा तो त्यांच्याकडे बघत नव्हता, टेबलावरच्या पंख्याकडे बघत होता.

"सोमवारपासून येतील. अंगावर सगळे कपडे, पायात गमबूट. नवा नियम झालाय म्हणे त्यांच्याकडे." मग जरा घुटमळून म्हणाला, "तुम्ही नका घेऊ. दुसऱ्या कोणाला तरी सांगतो."

"दुसरं आहे कोण इथं?" बाई म्हणाल्या. "मी घेते."

खरंच दुसरं कोणी नव्हतं. निम्म्या गावाला बाईंनीच पोहायला शिकवलं होतं. आधी पोरांना, मग त्या पोरांच्या पोरांना. स्वतःच्या धाकट्या भावालाही त्यांनीच शिकवलं. तो चालताना पावलं बाहेर टाकायचा म्हणून घरात त्याला बदक म्हणत आणि तलावावरही तेच नाव चिकटलं. बदक मोठा होऊन बंदरात, जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर खलाशी झाला. आणि गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी काम आटोपल्यावर, अंगातलं लाइफ जॅकेट काढून बोटीवरून धक्क्यावर पाऊल टाकताना तो पाण्यात पडला. जवळ कोणी नव्हतं. सकाळी सापडला तेव्हा पायांत बूट तसेच होते.

"बुटांनी घात केला," सगळे म्हणाले. "भरले की दगडासारखे ओढतात. कितीही पट्टीचा पोहणारा असू दे." बाईही तेच म्हणाल्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तेच सांगितलं, न अडखळता, तलावाच्या वेळा सांगाव्यात तसं. सगळं खापर बुटांवर फोडून झाल्यावर त्या कामावर रुजू झाल्या. रडल्या नाहीत. रडू आवरलं असंही नाही, ते आलंच नाही. एकदा चहाचं भांडं चिमट्याशिवाय उचललं, बोटं भाजली, आणि ते आईनं ओरडून सांगेपर्यंत त्यांना कळलं नव्हतं. लोक म्हणायचे, बाई खंबीर आहेत. बाई ते ऐकून घ्यायच्या.

शिकवायचं तर आधी आपण करून बघायला हवं, हा त्यांचा जुना शिरस्ता. म्हणून रविवारी त्या भावजयीकडे गेल्या.

भावजय एका दवाखान्यात केसपेपर लिहायच्या कामावर होती. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. मूलबाळ नव्हतं. दार उघडून ती नुसती बाजूला झाली.

"त्याचा दुसरा जोड आहे ना गं? गमबुटांचा?"

"बाल्कनीत आहेत. आत नाही आणले मी." तिनं कारण विचारलं. बाईंनी सांगितलं. ती थोडा वेळ ओट्याला टेकून उभी राहिली.

"मी पण येते, ताई."

"तुला पोहता कुठं येतं?"

"काठावर बसेन."

दुपारी तलाव बंद असायचा. पाणी हलत नव्हतं. बाईंनी जुनी पँट, जाड शर्ट आणि वर भावाचे बूट चढवले. त्यांच्या पायांना ते होडीएवढे होते. काठावरून चालताना फटक् फटक् आवाज होई, आणि एरवी अशा अवतारावर नणंद-भावजय पोट धरून हसल्या असत्या. भावजय खोल टोकाशी, शिडीच्या बाजूला जाऊन बसली.

बाई आत उतरल्या. आता ओढतील, असं म्हणून त्यांनी श्वास धरून ठेवला.

पण पाय खाली गेलेच नाहीत. उलट वर आले. बुटांत अडकलेल्या हवेनं टाचा फुग्यासारख्या उचलल्या आणि बाई एकदम उताण्या झाल्या. मग त्यांनी मुद्दाम पाय हलवून हवा सोडली. बुडबुडे आले, बूट काठोकाठ भरले. आणि तरीही काही झालं नाही. पाण्यात पाण्याचं वजन कसलं? पाय जड नव्हते, आळशी होते. बेडकासारखा झटका मारायला गेलं की साथ देत नव्हते, एवढंच. उताणं पडून नुसत्या हातांनी वल्हवलं की अंग सावकाश पुढं सरकत होतं. बाई पलीकडच्या टोकाला गेल्या, परत आल्या. पुन्हा गेल्या. धापसुद्धा लागली नाही.

"ओढतात?" काठावरून भावजयीनं विचारलं.

बाईंनी शिडीचा दांडा धरला. खोटं बोलायचं मनात येऊन गेलं. पण पाण्याबाबत त्या आयुष्यात कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

"नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

भावजय बोलायला लागली, तेही बाईंकडे न बघता.

"आदल्या दिवशी भांडलो होतो आम्ही. असंच, काहीतरी क्षुल्लक. तो म्हणाला, कंटाळा आलाय मला सगळ्याचा. असं तो कधी बोलायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी हे." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "इतका चांगला पोहणारा माणूस. मला वाटायचं, त्यानं हात मारलेच नसतील तर? मग सगळे म्हणाले बूट, बूट. मी म्हटलं, बरं झालं, बूट होते. त्या बुटांच्या जोरावर झोपत होते मी, ताई. आता तुम्ही म्हणता, ओढत नाहीत."

बाई वर यायला निघाल्या. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, गुडघा ताणला, आणि जागच्या जागी थांबल्या. पाण्याबाहेर निघालेला बूट बादलीसारखा जड झाला होता. दुसरा पाय उचलेना. ओले कपडे खांद्यांना लोंबत होते. दोन्ही हातांनी दांडे धरून, दातओठ खाऊन त्यांनी एकेक पायरी काढली. वर आल्यावर त्या फरशीवर मटकन बसल्या आणि बुटांतून भळाभळा पाणी वाहत राहिलं. चांगली शिडी होती, दिवसाचा उजेड होता, आणि तरी ही गत.

बंदराचा धक्का त्यांनी पाहिला होता. उभी दगडी भिंत. ओहोटीच्या वेळी तिचा वरचा काठ डोक्याच्या कितीतरी वर राहतो, आणि खालचा सगळा भाग शेवाळलेला.

आणि मग त्यांना हात आठवले. ओळख पटवायला दवाखान्यात त्याच गेल्या होत्या. चादरीबाहेर भावाचे हात होते. बोटांची टोकं सोललेली, नखं तुटलेली, आत हिरवं काहीतरी भरलेलं. तेव्हा त्यांच्या मनात एवढंच आलं होतं की याची नखं कोणीतरी साफ करायला हवीत. ओळख पटवून त्या घरी गेल्या होत्या. कोणालाच काही बोलल्या नव्हत्या. बोलण्यासारखं त्यात काही आहे असंच त्यांना वाटलं नव्हतं.

"ऐक," त्या म्हणाल्या. "त्यानं हात मारले."

त्यांनी सगळं सांगितलं. बोटं, नखं, शेवाळ, भिंत. न अडखळता सांगितलं, पण या वेळी प्रत्येक वाक्य त्यांना आधी स्वतःला ऐकावं लागत होतं.

"तो पोहला गं. चांगला बराच वेळ पोहला असणार. त्याला वर यायला जागा नव्हती."

भावजय ओरडली नाही, रडलीही नाही. "म्हणजे त्याला यायचं होतं," ती म्हणाली.

"हो."

"बरं," ती म्हणाली, आणि मग वाकून तिनं बाईंच्या पायातला एक बूट दोन्ही हातांनी ओढायला सुरुवात केली. ओला बूट काही केल्या सुटेना. शेवटी सुटला तेव्हा दोघी मागच्या मागे पडल्या. तशाच पडून राहिल्या, फरशीवर, शेजारी शेजारी.

सोमवारी बंदरातली माणसं आली. गणवेशातले दांडगे पुरुष, काही बायका, आणि टगबोटीवरचा आचारी. हा आचारी बदकाबरोबर कामाला असायचा आणि बाईंकडे बघायचं टाळत होता. बाईंनी सगळ्यांना बुटांसकट पाण्यात उतरवलं.

"बूट काढायची घाई करायची नाही. त्या धडपडीत नाकातोंडात पाणी जातं. उताणं व्हा, हवा पाय उचलेल. बूट भरले तरी भिऊ नका, ते तुम्हाला बुडवत नाहीत." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आणि जवळच्या भिंतीकडे जायचं नाही. जिथून वर चढता येतं तिकडे जायचं, लांब असलं तरी. तुमच्या धक्क्याला शिड्या कुठं कुठं आहेत, सांगा बघू."

आचारी पाण्यातूनच म्हणाला, "एक आहे, बाई. खालच्या पायऱ्या गंजून गेल्यात."

बरोबर आलेल्या साहेबांनी घसा खाकरला. "वरती कळवलंय आम्ही."

"वरती म्हणजे कुठं?" आचारी म्हणाला. "बुडायचं तर खालीच असतं ना साहेब."

त्याच आठवड्यात बोटींवरच्या माणसांनी आपापसांत ठरवून जुने जाड दोर धक्क्याच्या लोखंडी कड्यांना बांधले, पाय ठेवायला गाठी मारल्या आणि ते पाण्यापर्यंत सोडले. साहेबांनी दोन दिवस बघून न बघितल्यासारखं केलं. आचाऱ्यानं तलावावर येऊन हे सगळं बाईंना सांगितलं. सांगून झाल्यावरही तो उभाच राहिला.

"त्या दिवशी मी पाच मिनिटं थांबलो असतो ना, बाई..."

"चहा घेता?" बाई म्हणाल्या. यापलीकडे त्यांच्यापाशी देण्यासारखं काही नव्हतं. त्यानं चहा घेतला.

भावजय शनिवारी शिकायला यायला लागली. उथळ टोकाला, दांडा धरून, पाय आपटत. पाण्याला भयंकर घाबरायची, पण एकही शनिवार चुकवायची नाही.

आईला सांगायचं राहिलं होतं. आई दिवसभर खिडकीशी बसून असायची आणि मधूनच म्हणायची, "मेल्या बुटांनी घात केला गं माझ्या पोराचा." बाईंनी पुष्कळ दिवस ते तसंच चालू दिलं. एका दुपारी आईचे कपडे घडी करताना त्यांच्या तोंडून गेलं,

"बुटांनी नाही आई. तो पोहत होता. वर चढता आलं नाही त्याला."

आईनं मान वळवली. म्हातारीचे डोळे कोरडे होते.

"खूप वेळ?"

"असेल."

आई खिडकीबाहेर बघत राहिली. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं.

"दमला असेल गं," ती म्हणाली.

बाईंच्या हातात आईची एक बंडी होती. घडी अर्धी झाली होती. ती पुरी करायची की उलगडायची, हे त्यांना काही केल्या आठवेना, आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.